फॉरमॅट मारण्याआधी निळा पडदा वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपती जवळ आले की सोलापुरातल्या घरगुती रेकॉर्डिंगच्या खोल्या रात्रभर जाग्या राहतात. मंडळाचे निवेदन, लेझीमचे ट्रॅक, मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नड गाणी, सगळे एकाच संगणकावर आणि बहुतेक वेळा उद्याच्या उद्या हवे असते. नेमक्या याच दिवसांत दुरुस्तीच्या दुकानांत एक तक्रार वाढते. मिक्सिंग चालू असताना पीसी अडकला, स्पीकरमधून 'घर्रर्र' असा एकच सूर राहिला आणि पडदा निळा झाला. त्यावर दुकानातले पहिले वाक्य ठरलेले असते, "फॉरमॅट मारावे लागेल." दुसरे वाक्य, "रॅम वाढवा." हे पत्र या दोन वाक्यांविरुद्ध आहे.

फॉरमॅटने पीसी दोन-चार दिवस शहाण्यासारखा वागतो हे खरे. पण नव्या विंडोजवर पुन्हा त्याच पेनड्राइव्हवरचा ड्रायव्हरचा (विंडोज आणि यंत्र यांच्यात बोलणी करून देणाऱ्या सॉफ्टवेअरचा) जुना पॅक चालवला जातो. तेच साउंड कार्ड, तीच केबल आणि तेच प्लगइन (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडलेले आवाजाचे छोटे प्रोग्राम) परत येतात, मग आजारही परत येतो. शिवाय कोणत्या फाइलने घात केला याची नोंद विंडोजने ज्या फोल्डरमध्ये ठेवलेली असते, तो फोल्डरच फॉरमॅटमध्ये पुसला जातो. पंचनाम्याआधीच जागा धुऊन काढली तर चोर कसा सापडणार?

'बंद पडला' म्हणजे नेमके काय झाले, हे आधी विचारायला हवे. फक्त रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर (क्यूबेस, एफएल स्टुडिओ किंवा रीपर) बंद होऊन डेस्कटॉप दिसत असेल तर दोष बहुधा प्लगइनचा. आवाज अडकला आणि माऊसही हलेना, तर ड्रायव्हर किंवा यूएसबी. निळा पडदा आला तर ड्रायव्हर, क्वचित रॅम. पडदा वगैरे काही न येता लाइट गेल्यासारखा पीसी गप्प झाला, तर एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा), उष्णता किंवा वीजपुरवठा. तिथे सॉफ्टवेअर चाळत बसण्यात अर्थ नाही. (अलीकडच्या विंडोज ११ मध्ये हा पडदा काळा झाला आहे. रंग बदलला तरी त्यावरचा कोड तोच असतो.)

प्लगइन आणि ड्रायव्हर यांत हा फरक का पडतो, हे समजले की निम्मा गोंधळ मिटतो. विंडोज एक्सपीपर्यंत आवाज एकत्र करण्याचे काम थेट कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात होत असे. २००७ मध्ये व्हिस्टा आली तेव्हा ते काम गाभ्याबाहेर काढले गेले. त्यामुळे आज आवाजावरची एखादी प्रक्रिया कोसळली तर आवाज जातो, विंडोज उभी राहते. पण साउंड कार्डचा ड्रायव्हर अजूनही गाभ्यातच चालतो. त्याने चुकीच्या मेमरीला हात लावला की विंडोज स्वतःहून सगळे थांबवते. निळा पडदा तो हाच. म्हणून प्लगइन कितीही खराब असले तरी ते एकटे सहसा निळा पडदा आणत नाही. निळा पडदा आल्यावर प्लगइन काढत बसणे म्हणजे रोग रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला.

आता पुरावा कसा जपायचा ते. विंडोजच्या सर्चमध्ये 'व्ह्यू ॲडव्हान्स्ड सिस्टम सेटिंग्ज' उघडा, 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'च्या सेटिंग्जमध्ये जा आणि 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'ची खूण काढा. म्हणजे पडदा वाचायला मिळतो आणि मोबाइलवर फोटोही काढता येतो. त्याच खिडकीत 'स्मॉल मेमरी डंप' निवडा (डंप म्हणजे पीसी पडला त्या क्षणाची नोंद). सी ड्राइव्हवर पेज फाइल (रॅमला जोड म्हणून डिस्कवर ठेवलेली फाइल) चालू असली पाहिजे. रेकॉर्डिंगसाठी पीसी 'ट्यून' करून देणारे काही जण ती बंद करून ठेवतात आणि मग डंप तयारच होत नाही. सगळे नीट असेल तर प्रत्येक निळ्या पडद्यामागे विंडोज फोल्डरमधल्या 'मिनीडंप'मध्ये एक छोटी फाइल जमा होते. 'ब्लूस्क्रीनव्ह्यू' हे निरसॉफ्टचे मोफत साधन ती उघडून संशयित ड्रायव्हरचे नाव दाखवते. मायक्रोसॉफ्टचे 'विनडीबीजी' अधिक खोलात जाते, पण नवख्याला पहिले पुरते.

इथे एक गल्लत नेहमी होते. यादीत 'एनटीओएसकेआरएनएल' हे नाव दिसले की "विंडोज करप्ट झाली" असा निकाल दिला जातो. ती फाइल म्हणजे विंडोजचा गाभाच. अपघात त्याच्या अंगणात झाला म्हणून तो गुन्हेगार ठरत नाही. तिच्या जोडीला कोणते नाव आहे ते पाहा. 'आरटीके'ने सुरू होणारे असेल तर रिअलटेकचा ऑडिओ ड्रायव्हर. 'यूएसबीऑडिओ' किंवा 'यूएसबीऑडिओ२' असेल तर यूएसबी इंटरफेसचा (बाहेरून जोडायच्या साउंड कार्डाचा) रस्ता. 'एनव्हीएल'ने सुरू होणारे असेल तर एनव्हिडियाचा ग्राफिक ड्रायव्हर. कोडही बोलतो. 'डीपीसी वॉचडॉग व्हायोलेशन' म्हणजे एखाद्या ड्रायव्हरने प्रोसेसर फार वेळ अडवून धरला. 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल' म्हणजे ड्रायव्हरने नको त्या वेळी नको त्या मेमरीला हात लावला. पाच डंपमध्ये पाच वेगळे कोड आणि पाच वेगळी नावे आली तर मात्र ड्रायव्हरचा नाद सोडा आणि रॅम तपासा. एकेक पट्टी बसवून मेमटेस्ट८६ च्या चार फेऱ्या होऊ द्या. एक जरी चूक निघाली तरी ती पट्टी बाद. त्याआधी बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी (रॅम जादा वेगाने चालवण्याची सोय) चालू असेल तर ते बंद करून पाहा, फुकटात काम होऊ शकते.

निळा पडदा नसेल आणि फक्त सॉफ्टवेअर बंद होत असेल तर 'इव्हेंट व्ह्यूअर'मधल्या 'ॲप्लिकेशन' नोंदीत १००० क्रमांकाची घटना शोधा. त्यात 'फॉल्टिंग मॉड्यूल नेम' या शब्दांपुढे दोषी फाइल लिहिलेली असते. प्लगइनचे नाव बहुतेक तिथेच सापडते. सापडले नाही तर क्यूबेस सुरू होताना कंट्रोल, शिफ्ट आणि ऑल्ट एकत्र दाबून धरा. बाहेरचे प्लगइन बंद ठेवून उघडण्याचा पर्याय येतो. रीपरमध्ये एखादे संशयित प्लगइन वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवता येते, एफएल स्टुडिओत त्यासाठी 'मेक ब्रिज्ड' आहे. मग ते कोसळले तरी गाणे वाचते. फुकटात मिळालेल्या 'क्रॅक' प्लगइनबद्दल एवढेच की, ते बसवण्यासाठी अँटिव्हायरस बंद करायला सांगितले जाते, आणि त्यानंतर त्या पीसीवर काय काय चालते याची हमी कोणताही तंत्रज्ञ देऊ शकत नाही.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो ड्रायव्हर साफ करायला, आणि तिथेच सगळ्यात जास्त घाई होते. 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये 'साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स' उघडा आणि वर 'व्ह्यू'मध्ये 'शो हिडन डिव्हाइसेस' निवडा. पूर्वी कधीतरी लावलेले इंटरफेस, यूएसबी माइक, ब्लूटूथ हेडफोन फिकट अक्षरांत दिसू लागतील. जे आता वापरात नाही ते काढून टाका. मग रिअलटेकवर राइट क्लिक करून 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' घ्या आणि ड्रायव्हर सॉफ्टवेअरही काढण्याच्या चौकटीत खूण करा. ही खूण करायची राहिली तर जुना ड्रायव्हर विंडोजच्या साठ्यात तसाच बसून राहतो आणि पुढच्या मिनिटाला परत हजर होतो. त्यानंतर 'स्कॅन फॉर हार्डवेअर चेंजेस' करा. साठ्यात आणखी जुनी आवृत्ती असेल तर ती वर येते, तिलाही तसेच काढा. शेवटी मायक्रोसॉफ्टचा साधा 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' एवढेच नाव उरले पाहिजे. या साध्या ड्रायव्हरवर एक-दोन दिवस नेहमीचे काम करा. पडदा आला नाही तर चोर पकडला गेला. पुढचा ड्रायव्हर मदरबोर्डच्या किंवा लॅपटॉपच्या कंपनीच्या पानावरून नेमक्या मॉडेल क्रमांकाचाच घ्या. 'सगळ्याला चालतो' असा कोणताही पॅक घेऊ नका.

यात एक बारीक खोच आहे. ड्रायव्हर काढल्यावर पीसी 'शट डाउन' करून पुन्हा चालू करणे पुरेसे नाही. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आले आहे. ते चालू असेल तर शट डाउन करताना गाभ्याची अवस्था डिस्कवर जपली जाते आणि सकाळी तीच परत आणली जाते. 'रीस्टार्ट' केले तरच गाभा नव्याने उभा राहतो. "बंद करून चालू केले तरी तसेच" या तक्रारीचे उत्तर अनेकदा एवढेच असते.

दुसरा मोठा घोटाळा एएसआयओचा. क्यूबेस बनवणाऱ्या स्टाइनबर्गने १९९७ मध्ये आणलेली ही पद्धत विंडोजचा मिक्सर बाजूला ठेवून साउंड कार्डशी थेट बोलते, म्हणून उशीर कमी होतो. पण एकाच पीसीवर इंटरफेसचा स्वतःचा एएसआयओ, एएसआयओ४ऑल, क्यूबेसबरोबर येणारा साधा एएसआयओ आणि रिअलटेकचा एएसआयओ असे चौघे जमले की सॉफ्टवेअर उघडतानाच अडकू शकते. रिअलटेक एएसआयओ यात कुप्रसिद्ध आहे. साउंड ड्रायव्हरबरोबर तो न विचारता येतो, आणि 'क्यूबेस सुरू होताना हँग' या दुखण्यात तो वारंवार सापडतो. स्वतंत्र इंटरफेस असेल तर त्याच्या कंपनीचा एएसआयओ ठेवा, बाकीचे काढा. अनइन्स्टॉलच्या यादीत नाव नसेल तर रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या दफ्तरात) 'एचकी लोकल मशीन'खाली 'सॉफ्टवेअर' आणि त्यात 'एएसआयओ' अशी किल्ली असते. तिच्यातली 'रिअलटेक एएसआयओ' ही उपकिल्ली आधी 'एक्स्पोर्ट' करून ठेवा, मगच काढा. एएसआयओ४ऑल वाईट नाही, ज्याच्याकडे इंटरफेस नाही त्याच्यासाठी तो आधारच आहे. पण इंटरफेस घेतल्यावरही तोच निवडून ठेवणे म्हणजे नवी गाडी घेऊन ती ढकलत नेणे.

याच्या जोडीला दोन साध्या गोष्टी. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये डिव्हाइसच्या 'ॲडव्हान्स्ड' टॅबवर प्रोग्रामला एकट्याचा ताबा देण्याची खूण असते. ब्राउझर किंवा व्हिडिओ कॉल एकीकडे आणि रेकॉर्डिंग दुसरीकडे एकाच कार्डावर चालवायचे असेल तर ती काढा. आणि सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा, विंडोजमध्ये ४८००० हर्ट्झ आणि गाण्याच्या फाइलमध्ये ४४१०० असा विसंगत ठेवू नका. याने निळा पडदा सहसा येत नाही, पण कार्ड सतत वेग बदलत राहते, आवाज चिरकतो, आणि कच्चा ड्रायव्हर तिथेच गडबडतो.

बफर, म्हणजे एका वेळी हाताळायचा आवाजाचा तुकडा, किती ठेवावा? रेकॉर्डिंग करताना ४८००० हर्ट्झवर १२८ सॅम्पल म्हणजे सुमारे २.७ मिलिसेकंद, गायकाला स्वतःचा आवाज वेळेवर ऐकू येतो. मिक्सिंगला हा हट्ट कशाला? तेव्हा ५१२ किंवा १०२४ ठेवा, म्हणजे अनुक्रमे सुमारे १०.७ आणि २१.३ मिलिसेकंद. चाळीस ट्रॅक आणि प्रत्येकावर तीन प्लगइन असताना १२८ वर बसून पीसी दमतो याचे खापर रॅमवर फोडले जाते.

आवाज तुटतो पण कारण कळत नाही, तेव्हा कोणता ड्रायव्हर प्रोसेसर अडवतो ते मोजणारे 'लेटन्सीमॉन' चालवा. दहा-पंधरा मिनिटे नेहमीचे काम करत ठेवा आणि मग 'ड्रायव्हर्स' टॅबवर कोणाचा आकडा सर्वांत मोठा आहे ते पाहा. १००० मायक्रोसेकंदांच्या वर सतत जाणारा ड्रायव्हर हा तुमचा माणूस. पुष्कळदा तो साउंडचा नसतोच. 'एनडीआयएस' दिसले तर वाय-फाय किंवा लॅन. रेकॉर्डिंगपुरते वाय-फाय बंद करा. 'एसीपीआय' दिसले तर लॅपटॉपचे वीजबचतीचे प्रकरण आणि जुना बायोस.

इंटेलच्या अकराव्या पिढीच्या प्रोसेसरचे लॅपटॉप शहरात भरपूर आहेत, त्यांच्यासाठी एक खास सूचना. 'इंटेल स्मार्ट साउंड टेक्नॉलॉजी'च्या ऑडिओ कंट्रोलरचा १०.२९.०.५१५२ किंवा १०.३०.०.५१५२ ही आवृत्ती असलेला ड्रायव्हर विंडोज ११ वर निळा पडदा आणतो, हे मायक्रोसॉफ्टने स्वतः जाहीर करून अशा पीसींचे अपग्रेड रोखून धरले होते. उपाय म्हणजे १०.२९.००.५७१४ किंवा १०.३०.००.५७१४ आणि त्यापुढची आवृत्ती. इथे शेवटचा आकडाच पाहायचा. १०.३० हे १०.२९ पेक्षा नवे असते असा इथे हिशोब नाही. 'डिव्हाइस मॅनेजर'मधल्या 'सिस्टम डिव्हाइसेस'खाली हे नाव सापडते. यासाठी फॉरमॅट मारून पुन्हा तोच ड्रायव्हर टाकलेला लॅपटॉप ग्राहकाला परत देणे ही शुद्ध फसगत आहे, हेतू कितीही चांगला असला तरी.

ऑनलाइन क्लास आणि लाइव्ह प्रक्षेपणामुळे एक नवी पिढी आली आहे, ती आभासी, म्हणजे फक्त सॉफ्टवेअरमधल्या साउंड कार्डांची. आवाज बदलणारी ॲप्स, मोबाइलला वेबकॅम करणारी ॲप्स, एका प्रोग्रामचा आवाज दुसऱ्यात नेणाऱ्या 'व्हर्च्युअल केबल', हे सगळे स्वतःचा ड्रायव्हर गाभ्यात बसवू शकतात. ॲप काढले तरी तो ड्रायव्हर मागे राहतो. वर सांगितलेल्या फिकट नावांत तो सापडेल. लॅपटॉपबरोबर येणारी आवाज 'सुधारणारी' ॲप्सही रेकॉर्डिंगच्या पीसीवर नकोत. मॉनिटरला एचडीएमआयने जोडले असेल तर ग्राफिक कार्डाचे ऑडिओ डिव्हाइस 'डिसेबल' करा. मॉनिटर झोपला की ते गायब होते आणि चालू गाणे अधांतरी राहते. इंटरफेस असेल तर बायोसमधून मदरबोर्डचा 'एचडी ऑडिओ कंट्रोलर'सुद्धा बंद करता येतो. भांडणारे दोन असतील तर एकाला घरी पाठवणे बरे.

हार्डवेअरमध्ये पहिली संशयित केबल. यूएसबी २.० च्या केबलची मर्यादा ५ मीटर आहे. मांडवात स्टेजपासून मिक्सरपर्यंत दहा मीटरची साधी एक्स्टेंशन ओढून इंटरफेस लावला की तो मिनिटामिनिटाला सुटतो आणि परत जोडला जातो, आणि हीच ये-जा ड्रायव्हरला पाडते. लांब न्यायचाच असेल तर आवाज एक्सएलआर (माइकच्या तीन पिनांच्या) केबलने न्या, यूएसबीने नको. डेस्कटॉपला पुढच्या पॅनलचे पोर्ट टाळा, मागचे थेट मदरबोर्डवरचे वापरा. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० पोर्ट ९००. एका साध्या हबवर इंटरफेस, पेनड्राइव्ह, लायसन्सचा डोंगल आणि माऊस लावला, वर माइकला वीज देणारे ४८ व्होल्टचे फँटम चालू केले, की हिशोब चुकतोच. हब घ्यायचा तर स्वतःच्या ॲडॅप्टरचा घ्या. 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा आणि प्रत्येक 'यूएसबी रूट हब'वर वीज वाचवण्यासाठी डिव्हाइस बंद करण्याची खूण काढा.

मांडवात आणखी एक धोका असतो, आणि तो केवळ संगणकाचा नाही. लॅपटॉप एका जोडणीवर आणि ॲम्प्लिफायर दुसऱ्या जोडणीवर असेल तर दोन्ही अर्थिंगमध्ये व्होल्टेजचा फरक पडतो आणि तो फरक ऑडिओ आणि यूएसबी केबलमधून वाहतो. 'हम' येतो, इंटरफेस सुटतो, कधी पोर्टच जळतो. मल्टिमीटर एसीवर ठेवून न्यूट्रल आणि अर्थ यांत मोजा. दोन-तीन व्होल्टच्या वर दाखवत असेल तर वायरमनला बोलवा. 'हम' घालवण्यासाठी प्लगची अर्थची पिन तोडणे हा उपाय नाही, तो जिवाशी खेळ आहे. उपाय म्हणजे दोन्ही एकाच बोर्डावरून घेणे आणि ऑडिओच्या वाटेत डीआय बॉक्स (दोन यंत्रांचे अर्थिंग अलग ठेवणारी पेटी) लावणे. यूएसबी आयसोलेटर घेणार असाल तर पाहून घ्या. बाजारातले स्वस्त बरेचसे सेकंदाला १२ मेगाबिटचे असतात, हायस्पीड इंटरफेस त्यावर चालतच नाही.

शेवटी सोलापूरचे खास. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर, आणि यंत्रमागाच्या वस्तीत हवेत सुताचे तंतू. चादर-टॉवेलच्या कारखान्याला लागून असलेल्या खोलीतला पीसी उघडला की प्रोसेसरच्या पंख्याखाली अक्षरशः गादी निघते. मिक्सिंगमध्ये प्रोसेसर तासन्‌तास पूर्ण ताकदीने चालतो, ९५ ते १०० अंशांच्या आसपास गेला की आधी वेग कमी करतो, मग पीसी थेट बंद होतो. 'इव्हेंट व्ह्यूअर'च्या 'सिस्टम' नोंदीत 'कर्नल पॉवर ४१' आणि तपशिलात 'बगचेक कोड' शून्य असेल तर डंप शोधू नका, झाकण उघडा. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो उलटा वेगाने फिरून खराब होतो. अशा भागात ही सफाई दर दोन-तीन महिन्यांनी हवी.

दुरुस्तीच्या दुकानांना विनंती एकच. फॉरमॅट मारण्याआधी 'मिनीडंप' फोल्डर ग्राहकाच्या पेनड्राइव्हवर कॉपी करा, आणि बिलावर 'सॉफ्टवेअर प्रॉब्लेम' असे मोघम न लिहिता पडद्यावरचा स्टॉप कोड आणि फाइलचे नाव लिहा. ग्राहकांनी ते मागून घ्यावे. आणि मंडळांच्या ध्वनिव्यवस्थापकांनी पीसी एकदा नीट चालू लागला की उत्सव संपेपर्यंत विंडोज अपडेट 'पॉज' करून ठेवावे, 'डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज'मध्ये 'नो' निवडावे. अपडेटबरोबर नवा साउंड ड्रायव्हर येण्यासाठी मिरवणुकीच्या आदल्या रात्रीइतका वाईट मुहूर्त दुसरा नाही.

आपले,
संगणक व ध्वनियंत्रणा दुरुस्ती करणारे काही तंत्रज्ञ,
सोलापूर